कोकणी जेवणासोबत रिस्लिंग: मित्रमंडळींसह वाइन चाखण्याची संध्याकाळ कशी आखावी

कोकणच्या ताटात आमसुलाचा आंबटपणा, मालवणी मसाल्याचा तिखटपणा आणि नारळाच्या रसाची स्निग्धता एकाच वेळी येतात. बहुतेक वाइन यांपैकी एखाद्याशी जुळवून घेतात आणि उरलेल्यांपुढे नमतात. रिस्लिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, मात्र तिघांनाही पुरून उरते, असे माझे मत आहे. माझ्या सांगण्यावरून ते मान्य करण्याचे कारण नाही. सहा ते आठ मित्रमंडळी, चार बाटल्या आणि घरचे मासळीचे जेवण एवढ्या सामग्रीवर हे मत एका संध्याकाळी तपासून पाहता येते. त्यासाठी प्रत्येक वाइन दोनदा चाखायची, एकदा नुसती आणि एकदा घासाबरोबर, आणि दोन्ही वेळांत काय बदलले ते लिहून ठेवायचे. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीसाठी आहे.

पहिली अडचण वाराची येते. सोमवार, गुरुवार किंवा शनिवार न खाणारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात, श्रावण पाळणारी असतात, मार्गशीर्षातले गुरुवार पाळणारी तर असतातच. म्हणून दिवस ठरवण्यापूर्वी प्रत्येकाला विचारून घ्यावे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत ताजी मासळी मिळण्याची खात्री नसते. दिवाळीनंतरचे आणि होळीपूर्वीचे महिने सर्वांत सोयीचे, कारण हवेतला दमटपणा उतरलेला असतो, गार बाटलीला घाम कमी सुटतो आणि ग्लासातली वाइन दोन मिनिटांत कोमट होत नाही.

बाटल्या यजमानानेच निवडाव्यात आणि खर्च नंतर वाटून घ्यावा. प्रत्येकाने एकेक बाटली घेऊन यावे ही पद्धत वरवर सोयीची वाटते, पण तिच्यात एकमेकींशी काही संबंध नसलेल्या आठ वाइन टेबलावर येतात आणि तुलना करण्यासारखे काहीच हाती लागत नाही. चार बाटल्या पुरेत: एक कोरडी (म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली) रिस्लिंग, एक किंचित गोड रिस्लिंग, नाशिककडची एक पांढरी (शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ), आणि लाल वाइनपैकी एक शिराझ. शेवटी मोदक करणार असाल तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची एखादी गोड वाइन पाचवी म्हणून ठेवावी. तिची छोटी बाटली मिळाली तर उत्तम.

नाशिकच्या द्राक्षबागांतली वाइनची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते, म्हणजे युरोपातल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या नेमकी उलट. पावसाळा टाळून, थंडीच्या रात्रींचा फायदा घेत फळ पिकवायचे असल्यामुळे हे वेळापत्रक बसले. रिस्लिंग हे मूळचे थंड हवेतले द्राक्ष असल्याने आपल्याकडे ते फार कमी लावले जाते. सुला या वाइन कंपनीने नाशिकला रिस्लिंग केलेली आहे, पण ती प्रत्येक दुकानात असेलच असे नाही, आणि किनाऱ्यावरच्या गावांतल्या दुकानांत तर कोणतीही रिस्लिंग सापडणे नशिबाचा भाग. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कोणाला तरी आधी सांगून ठेवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या मंडळींना पणजी अधिक जवळ पडते हे खरे. तथापि गोव्यातली बाटली उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, आणि स्वस्ताईपायी तपासणी नाक्यावर रात्र घालवण्यात काही शहाणपण नाही. पिण्याचा परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, तो पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे घेऊन ठेवावा.

रिस्लिंगची बाटली हातात घेतल्यावर ती कोरडी की गोड हे ओळखणे ही खरी कसोटी असते, कारण एकाच द्राक्षापासून दोन्ही टोकांची वाइन होते. जर्मनीतल्या ऱ्हाइनच्या परिसरात या द्राक्षाची नोंद १४३५ सालापासून सापडते, आणि आजही मोझेल नदीकाठच्या पाटीच्या दगडाच्या उभ्या चढांवरची रिस्लिंग सर्वांत नाजूक समजली जाते. जर्मन लेबलावर ‘ट्रॉकन’ असेल तर वाइन कोरडी. तिच्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर उरलेली असते. ‘हाल्बट्रॉकन’ किंवा ‘फाइनहेर्ब’ म्हणजे किंचित गोडसर. ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’ आणि ‘आउसलेझे’ हे शब्द तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलेले होते ते सांगतात. चढत्या क्रमाने वाइन अधिक भारदस्त होत जाते आणि पुष्कळदा अधिक गोडही. फ्रान्सच्या अल्सास भागातली आणि ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतली रिस्लिंग बहुतांशी कोरडी असते. लेबल कळलेच नाही तर अल्कोहोलचा आकडा पाहावा. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करते आणि लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का अल्कोहोल होते; म्हणून ८ टक्के लिहिलेल्या रिस्लिंगमध्ये बरीच साखर शिल्लक आहे आणि १२ टक्क्यांच्या पुढची बहुधा कोरडी आहे असे समजावे.

गोड वाइन म्हणजे नवशिक्यांची वाइन हा समज आपल्याकडे बराच रुजलेला आहे, आणि या एका संध्याकाळी तो बाजूला ठेवावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रिस्लिंगमध्ये लिटरमागे ७ ते ९ ग्रॅम आम्ल सहज असते. नुसते साखरपाणी दोन घोटांत नकोसे होते, पण तेवढ्याच साखरेच्या लिंबू सरबताचा पेला आपण रिकामा करतो. किंचित गोड काबिनेटमधल्या साखरेचे आणि आम्लाचे नाते याच जातीचे आहे. ती साखर मसाल्याच्या जेवणात कशी कामाला येते ते पुढे येईलच.

बाटल्या आणल्यापासून संध्याकाळपर्यंत त्यांना उन्हापासून आणि उष्णतेपासून जपणे हे किनाऱ्यावरचे मोठे काम असते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत, किंवा स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या फळीवर बाटली ठेवू नये. घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या खोलीत जमिनीलगत आडवी ठेवावी, फिरकीचे झाकण असेल तर उभी चालेल. पांढऱ्या वाइन पिण्यापूर्वी तीन तास फ्रिजमध्ये ठेवून, ओतण्याच्या दहा मिनिटे आधी बाहेर काढाव्यात, म्हणजे त्या ८ ते १० अंशांवर येतात. त्याहून गार असतील तर गंध दबतो आणि चार वाइनमधला फरक कळेनासा होतो. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा युरोपातला नियम तिथल्या १६ ते १८ अंशांच्या खोल्यांसाठी आहे. आपल्या ३० अंशांच्या पडवीत तो पाळला तर शिराझमधून फक्त अल्कोहोलची वाफ नाकाला झोंबेल. म्हणून शिराझदेखील अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. वीज गेली तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मे पाणी आणि दोन मुठी मीठ घालून तिच्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवावी. पंधरा-वीस मिनिटांत ती पुरेशी गार होते. बंदरावरच्या कारखान्यातला बर्फ या कामाला चालतो, फक्त तो बादलीबाहेर पडून पिण्याच्या पाण्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

ग्लास काचेचे, पातळ कडेचे आणि तोंडाशी किंचित निमुळते असावेत. स्टीलच्या पेल्यात रंगही दिसत नाही आणि गंधही साठत नाही. प्रत्येकाला चार ग्लास मिळाले तर बरे, नाहीतर दोन ग्लासांवरही भागते, मधे साध्या पाण्याने विसळून घ्यावेत. वर्षातून दोनदा निघणारे ग्लास ज्या कपाटात असतात तिथे बहुधा डांबरगोळ्या असतात, आणि त्यांचा वास काचेला असा धरून बसतो की सर्वांत महाग रिस्लिंगही त्याच्यापुढे काही करू शकत नाही. ग्लास आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन, उघड्यावर वाळवून, वास घेऊन पाहावेत. त्या संध्याकाळी उदबत्ती, अत्तर आणि मोगऱ्याचे गजरे दूर ठेवावेत. चाखण्याची पहिली फेरी मासे तळायला घेण्यापूर्वी उरकावी, कारण तव्यावर रवा लावलेले पापलेट पडले की सगळ्यांची नाके तिकडेच लागतात. खळ्यात किंवा पडवीत, वाऱ्याच्या झोतापासून थोडे आडोशाला बसावे आणि टेबलावर पांढरी चादर घालावी, म्हणजे रंग नीट दिसतो.

वाइनची नावे झाकून ठेवणे मला आवश्यक वाटते. किंमत आणि देश कळले की जीभ त्यांच्या मागे धावते. साधारणपणे बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्यावर आकडा लिहितात, पण रिस्लिंगची बाटली बहुधा उंच, सडपातळ आणि उतरत्या खांद्यांची असते, त्यामुळे कागदातूनही ती आपली ओळख सांगते. त्यापेक्षा यजमानाने आतल्या खोलीत ग्लास भरून बाहेर आणावेत. ओतण्याचे माप ६० मिलिलिटर ठेवावे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून आठ जणांना पहिल्या फेरीत ४८० मिलिलिटर लागतात आणि जेवणासाठी २७० उरतात, म्हणजे माणशी तीस-पस्तीस मिलिलिटर, घासाबरोबर पडताळण्यापुरते. चारही बाटल्या संपल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ अर्धी बाटली येते, आणि ते प्रमाण गाडी चालवणाऱ्याला मुळीच परवडणारे नाही. त्याने पहिल्या फेरीतला घोट तोंडात घोळवून थुंकावा, त्यासाठी टेबलावर एक अपारदर्शक भांडे ठेवावे, आणि जेवणाच्या फेरीत कोकम सरबतावर यावे. रात्री घाट उतरायचा असेल तर त्याने सुरुवातीपासूनच सरबत घेतलेले बरे. न पिणाऱ्या पाहुण्यालाही सरबत त्याच प्रकारच्या ग्लासात द्यावे आणि गंधाच्या चर्चेत त्याचा वाटा ठेवावा, कारण ज्याने घोट घेतलेला नाही त्याचे नाक पुष्कळदा अधिक शाबूत असते.

क्रम कोरडीकडून गोडाकडे आणि हलकीकडून जडाकडे असावा: कोरडी रिस्लिंग, मग नाशिकची पांढरी, मग किंचित गोड रिस्लिंग, शेवटी शिराझ. ग्लास आधी पांढऱ्या चादरीसमोर तिरका धरून रंग पाहावा. याला फार वेळ देण्याचे कारण नाही. मग न हलवता एकदा वास घ्यावा, ग्लास फिरवून पुन्हा घ्यावा. दोन मिनिटे कोणी बोलू नये, प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे, आणि मंडळीतल्या सर्वांत जाणत्या माणसाने सर्वांत शेवटी बोलावे. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण तो मोडला की पहिल्या मोठ्या आवाजाने जे म्हटले तेच बाकी सगळ्यांना येऊ लागते.

लिहायचे काय, याची धास्ती बाळगू नये. पुस्तकांत गूजबेरी आणि एल्डरफ्लॉवर लिहिलेले असते. ते ज्याने कधी हुंगलेले नाही त्याने लिहिण्यात अर्थ नाही. कोवळी कैरी, पपनस, लिंबाचे पान, जाम, पिकलेला पेरू, ओवळीचे फूल, सुरंगीचा वळेसर, काजूच्या बोंडाचा उग्र गोडवा, जांभूळ, पहिल्या पावसानंतरची जांभ्याची माती, हे सगळे इथल्या माणसाच्या नाकाला पाठ आहे. कोरड्या रिस्लिंगमध्ये लिंबाची साल आणि हिरवे सफरचंद शोधावे, सोव्हिन्याँमध्ये पेरू आणि चुरडलेले हिरवे पान, शेनिनमध्ये पिकलेले फळ आणि थोडा मध, शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी. रिस्लिंग काही वर्षे जुनी असेल, किंवा भरपूर उन्हातली असेल, तर तिला चक्क पेट्रोलचा, रॉकेलचा वास येतो. पाहुणे ग्लास नीट धुतला नसल्याचा संशय घेतील. त्यांना सांगावे की द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडांपासून तयार होणाऱ्या टीडीएन नावाच्या संयुगाचा तो वास आहे, आणि रिस्लिंगचे चाहते तो मुद्दाम शोधतात. आवडलाच पाहिजे अशी सक्ती अर्थात नाही.

घोट तोंडात घेतल्यावर चार गोष्टी नोंदवाव्यात: जिभेच्या कडांना सुटणारे पाणी म्हणजे आम्ल, जिभेवर जाणवणारा गोडवा, हिरड्यांना बसणारी तुरट ओढ म्हणजे टॅनिन, आणि गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते ते. तुरटपणा फक्त शिराझमध्ये ठळक असेल. दोन वाइनच्या मधे पाण्याचा घोट आणि साध्या घावण्याचा किंवा पावाचा तुकडा पुरेसा आहे. शेव, चिवडा, कांदाभजी अशा वस्तू या फेरीपुरत्या टेबलावर आणूच नयेत.

आता जेवण, आणि त्याच्या नोंदींसाठी दुसरा कागद. इथे वाइन बदलत नाही, तोंड बदलते, आणि नुसत्या चाखण्यात पहिली आलेली वाइन जेवणात शेवटची येऊ शकते. सुरुवात तळलेल्या मासळीने करावी. रवा लावून कुरकुरीत केलेले बोंबील किंवा पापलेट आणि कोरडी रिस्लिंग हा जोड सहसा चुकत नाही. तेल आणि मीठ यांना आम्ल हवेच असते आणि एरवी ते काम ताटातली लिंबाची फोड करते. म्हणून पहिला घास लिंबू न पिळता खाऊन पाहावा. तिसऱ्यांचे सुके, त्यात ओले खोबरे जास्त आणि मसाला बेताचा असेल तर, याच वाइनबरोबर किंवा सोव्हिन्याँबरोबर छान जाते.

त्यानंतर आमटी-भात. सुरमईची नारळाच्या रसातली, आमसूल घातलेली आमटी आली की कोरड्या वाइनची पंचाईत सुरू होते. वाइन ही पदार्थाइतकी तरी आंबट असावी लागते, नाहीतर ती पाणचट वाटते. रिस्लिंगचे आम्ल तिथे टिकते, पण नाशिकची शेनिन पुष्कळदा मागे पडते. तिखटाची गोष्ट निराळी आहे. अल्कोहोलमुळे तोंडातली उष्णतेची जाणीव अधिक तीव्र होते, त्यामुळे १४ टक्क्यांची वाइन मिरचीला आणखी पेटवते, तर ८-९ टक्क्यांची, थोडी साखर राखून असलेली काबिनेट तिला शांत करते. आधी जिला कोणी ‘गोडमिट्ट’ म्हणून बाजूला सारले असेल तीच वाइन आमटीबरोबर जवळजवळ कोरडी वाटू लागते. पाहुण्यांना हे आधी सांगू नये. त्यांना पहिला कागद पुन्हा वाचायला लावावा.

बांगड्याचे तिखले करणार असाल तर त्यातले तिरफळ जपून घालावे. तिरफळाने जीभ बधिर होते आणि त्यानंतर पाच-दहा मिनिटे कोणत्याही वाइनची बारीक चव कळत नाही. म्हणून हा पदार्थ पांढऱ्या वाइनची फेरी संपत आल्यावर वाढावा. याच बांगड्याबरोबर शिराझचा एक घोट मुद्दाम घेऊन पाहावा. तोंडात पत्र्यासारखी, धातूची चव आणि माशाचा उग्र वास येईल. लाल वाइनमधले लोह याला कारणीभूत असल्याचे जपानमधील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले आहे. टॅनिनला उगाच सगळा दोष दिला जात होता. मासळीबरोबर लाल वाइन नको हा नियम ऐकून पटत नाही, या एका घोटाने पटतो.

शिराझची खरी जागा कोंबडी-वड्यांजवळ आहे. भाजलेले खोबरे, भाजलेला कांदा आणि गरम मसाला यांच्या काळपट चवीला तिची मिरी आणि जांभूळ साथ देतात, आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबरही ती रुळते. तिखट मात्र बेताचे ठेवावे. शाकाहारी मंडळींसाठी ओल्या काजूगरांची उसळ किंवा वालाचे बिरडे करावे. दोन्हींत एक अंगचा गोडवा असतो आणि शेनिन तिथे, आमटीपुढे गमावलेली अब्रू भरून काढते. ओले काजूगर थंडीच्या शेवटी बाजारात येतात, तोवर बिरड्यावर भागवावे.

सोलकढी वाइन संपल्यानंतरच वाढावी. लसूण, मिरची आणि कोकम एकत्र आल्यावर तिच्याशेजारी कोणतीही वाइन फिकी पडते, आणि सोलकढीलाही त्या सोबतीचा काही उपयोग नसतो. उकडीच्या मोदकाबरोबर पाचवी बाटली उघडावी: वाइन पदार्थापेक्षा अधिक गोड असली पाहिजे, नाहीतर गुळापुढे ती आंबट लागते. आउसलेझे किंवा उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइन गूळखोबऱ्यापुढे उभी राहते. हापूस मात्र एकटाच खावा. आमरसाबरोबर चांगली लागलेली वाइन मला अजून भेटलेली नाही.

ताटे उचलल्यावर बाटल्यांची नावे उघड करावीत आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. गुण देऊन विजेती ठरवण्याचा मोह होतो, पण बेरीज करून काढलेल्या पहिल्या क्रमांकापेक्षा कोणाचे मत कुठल्या पदार्थाजवळ फिरले हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण पुढच्या वेळी काय विकत आणायचे ते त्यातूनच कळते. बाटलीत काही उरले असेल तर लगेच झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावे. आम्ल आणि साखर दोन्ही असल्यामुळे काबिनेट तीन-चार दिवस सहज टिकते; शिराझ दोन दिवसांत संपवावी. मासळीची आमटी दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली असते, तेव्हा दुपारच्या भातावर उरलेल्या घोटाची तिसरी फेरी जरूर घ्यावी आणि तिची नोंदही त्याच कागदावर करावी.